कनातीवर नाव नसतं

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये दरवर्षी बायोफाख नावाचं प्रदर्शन भरतं. सेंद्रिय अन्नाचा व्यापार करणाऱ्यांची ही पंढरीच. १९९० साली लुडविग्सहाफेनला ते सुरू झालं, १९९९ पासून न्यूरेंबर्गला स्थिरावलं, आणि २०१२ साली भारत तिथला मानाचा देश होता. तिथली अट कडक आहे. खाद्यपदार्थ मांडायचा तर तो सेंद्रिय असल्याचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं, नाहीतर पाकीट फळीवर ठेवायचं नाही. हळद कुठल्या शेतातली, ते शेत रासायनिक खतापासून कधी सुटलं, दळण कुठल्या गिरणीत झालं, इथपर्यंतचा माग कागदावर लागतो. ज्या फळीवर ते पाकीट ठेवायचं, तिचा माग मात्र सहसा कुणाकडे नसतो. ती कुठून आली आणि प्रदर्शन उठल्यावर कुठे गेली, हे स्टॉलच्या मालकालाही सांगता येत नाही.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत हा प्रश्न जास्त बोचतो. गोरेगावचं नेस्को, मोशीचं मैदान, दिल्लीचं प्रगती मैदान, कुठेही जा. सेंद्रिय मालाचा स्टॉल लांबूनच ओळखू येतो. गोणपाट, सुतळी गुंडाळलेल्या बाटल्या, एखादा कंदील, बैलगाडीचं चाक. जवळ जाऊन हात लावला की ‘मातीची भिंत’ सनबोर्डवर चिकटवलेल्या छापील कागदाची निघते, पायाखालची हिरवळ प्लास्टिकची असते, खांबावर चढलेली वेलही प्लास्टिकची, आणि मागच्या हिरव्यागार शेताचा फोटो पीव्हीसीच्या फ्लेक्सवर छापलेला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यात सजावटीचा थर्माकोल आहे, १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर आहेत. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड, त्यामुळे तो सुखरूप सुटला. कायद्याच्या दृष्टीने यात कुणाचं काही चुकलेलं नाही. पण ‘आमच्या मालात रसायन नाही’ असं सांगणाऱ्याने ते पीव्हीसीवर छापून सांगावं, यातली विसंगती ना छापणाऱ्याला खटकते, ना वाचणाऱ्याला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी हे सगळं उतरतं. ‘उतरतं’ हा सौम्य शब्द झाला. हॉल रात्रीत मोकळा करून द्यायचा असतो, कारण सकाळी दुसऱ्या प्रदर्शनाचे ट्रक दाराशी येणार असतात. सहाला भोंगा झाला की कंपनीची माणसं उरलेली पाकिटं आणि लॅपटॉप घेऊन निघतात आणि स्टॉल बांधणाऱ्या फॅब्रिकेटरची पोरं पहारी घेऊन शिरतात. प्लायवर लॅमिनेट फेव्हिकॉलने बसवलेलं, प्लाय चौकटीला बंदुकीच्या खिळ्यांनी ठोकलेला. हा जोड उघडायला केलेलाच नसतो, तो फोडावाच लागतो. कोपऱ्यात पहार घालून दाबलं की फळी आडवी चिरत जाते आणि तिच्यामागे लॅमिनेटचा पापुद्रा सुटतो. दिवे, वायर आणि लोखंड तेवढं जपून काढतात, कारण त्याला भाव आहे. बाकीचा ढीग. आपल्याकडचा भंगारवाला युरोपातल्या कचरागाडीपेक्षा चोखंदळ असतो, हे मान्य. फ्लेक्सचंही आयुष्य तिथे संपत नाही. तो पुढे कुणाच्या झोपडीवर, कुणाच्या कडब्याच्या गंजीवर पावसाळा काढतो. पण याला पुनर्वापर म्हणायचं असेल तर शब्दाची फारच ओढाताण होईल. गरिबाच्या छपराला फ्लेक्स लागतो, म्हणून आपण फ्लेक्स छापत नसतो.

यावर ठरलेला उपाय म्हणजे सामान बदलणं. प्लायच्या जागी बांबू, फ्लेक्सच्या जागी खादी, विनाइलच्या जागी कागद. माझं म्हणणं असं की हा उपाय चुकीच्या टोकाला लागू केलेला आहे. एकदाच उभा करून मोडलेला बांबूचा स्टॉल आणि एकदाच उभा करून मोडलेला प्लायचा स्टॉल यांत फरक आहे, पण तो आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे. स्टॉल पुन्हा उभा राहणार की नाही, हे तो कशाचा आहे यावर थोडंच ठरतं. तो मोडल्यावर कुणाच्या गोदामात जातो आणि तिथे त्याची कुणाला गरज असते, यावर बरंच ठरतं.

याचा जुना आणि चांगला नमुना आपल्या गावातच आहे. मांडववाला. त्याच्याकडे बल्ल्या आहेत, वासे आहेत, कनाती, झालरी, सतरंज्या, खुर्च्या, हंडे, पातेली आहेत. आज लग्न, परवा बारसं, पुढल्या आठवड्यात कुणाचं तरी तेरावं, मग गणपती, मग सप्ताह. तीच कनात या सगळ्या प्रसंगांना उभी राहते. मांडववाला पर्यावरणवादी नाही. तो व्यवहारी आहे. कनात त्याच्या मालकीची आहे, भाड्याने दिल्याशिवाय तिचे पैसे सुटत नाहीत, म्हणून ती फाटली तर तो शिवतो, भिजली तर वाळवतो, आणि माणसं सामान परत आणतात तेव्हा मोजून घेतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: कनातीवर गिऱ्हाइकाचं नाव नसतं. खुर्चीच्या पाठीवर रंगाने नाव लिहिलेलं असतं ते मांडववाल्याचं; नवरदेवाचं नाव दारावरच्या पाटीपुरतं. पाटी त्या दिवसाची आणि मांडव वर्षानुवर्षांचा. ही फारकत झालेली असल्यामुळेच मांडव पुन्हा पुन्हा उभा राहतो.

आता फॅब्रिकेटरकडे पाहा. आपल्याकडे बरेचदा स्टॉल भाड्यानेच दिलेला असतो. प्रदर्शन संपल्यावर माल फॅब्रिकेटरचाच. म्हणजे मालकी आहे, गोदामही आहे. तरी तो मोडतो, कारण त्या स्टॉलचं अंगच एका कंपनीच्या नावाचं झालेलं असतं. भिंतीची कमान तिच्या बोधचिन्हाच्या आकाराची, काउंटर तिच्या पाकिटाच्या आकाराचा, रंग तिचा. दुसऱ्या कुणाला ते चालणार नाही, आणि ती कंपनी पुढल्या वर्षी ‘काहीतरी नवीन’ मागणार. म्हणजे नुसती मालकी पुरत नाही आणि नुसतं बिननावाचं अंगही पुरत नाही. दोन्ही लागतं. सेंद्रिय ब्रँडसाठी स्टॉल रेखाटायला बसलेल्याने कागदावर पहिली रेघ इथे ओढावी: अंग कोणतं आणि नाव कोणतं.

जागतिक प्रदर्शनांच्या इतिहासाची सुरुवातही, गंमत म्हणजे, अशाच एका सौद्याने झाली. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. लोखंड आणि काच, सगळे भाग कारखान्यात तयार केलेले, जागेवर फक्त जोडलेले. त्या वेळी मिळणारी मोठ्यात मोठी स्वस्त काच ४९ इंच लांब होती. पॅक्स्टनने छताचं माप त्या काचेवरून धरलं आणि तशा सुमारे तीन लाख काचा लागल्या. फॉक्स हेंडरसन या ठेकेदाराने कमी भावाची निविदा भरली ती एका अटीवर: प्रदर्शन संपल्यावर सामान आमचं. सामान आपलंच होणार म्हटल्यावर कोण खिळे ठोकून फोडायला जाईल? इमारत उकलली गेली, सिडनहॅमला नेऊन आणखी मोठी करून १८५४ साली पुन्हा उघडली, आणि १९३६ साली आगीत जाईपर्यंत उभी राहिली. पहिल्या जागतिक प्रदर्शनाचा मांडव असा ऐंशीच्या वर वर्षं टिकला, आणि आज आपण चार दिवसांचा स्टॉल पाचव्या दिवशी टिकवू शकत नाही.

आगीचा विषय निघालाच आहे, तर मांडवाचं कौतुक करताना दुसरी बाजूही बोलायला हवी. १९९५ च्या डिसेंबरात हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमाचा मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. एप्रिल २००६ मध्ये मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कात तर ग्राहकवस्तूंचं प्रदर्शनच होतं. तिथे साठाहून अधिक माणसं मेली. बांबू, कापड, गोणपाट, वाळलेलं गवत हे सगळं सेंद्रिय आहे आणि सगळं जळतं. जर्मनीतल्या हॉलमध्ये सजावटीचं कापड सहजी पेट न घेणाऱ्या दर्जाचं आहे असा कागद मागतात, आणि योग्यच करतात. टांगलेलं कोरडं गोणपाट आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तापलेला हॅलोजन, हा देखावा आपल्या प्रदर्शनांतून मी पुष्कळदा पाहिला आहे आणि तो नैसर्गिक वगैरे अजिबात वाटत नाही. कापड वापरायचं तर त्याला आगरोधक प्रक्रिया हवी. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलं तर किडीपासून संरक्षण होतं आणि आगीलाही थोडा अटकाव होतो. थोडाच. प्रक्रिया केलेल्या बांबूला ‘शुद्ध नैसर्गिक’ म्हणवत नसेल तर म्हणू नये. जळण्यापेक्षा ते बरं.

बांबूबद्दल आणखी दोन शब्द, कारण सेंद्रिय स्टॉल म्हटलं की बांबू येतोच. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा, त्यामुळे खांबाला उत्तम. पण बांबू गोल असतो, प्रत्येक नळी वेगळ्या जाडीची, वाळला की आकसतो, आणि दोन पेरांच्या मध्ये भोक पाडलं की उभा चिरतो. काथ्याने बांधणाऱ्या जुन्या कारागिराला हे ठाऊक असतं. खिळा ठोकणाऱ्याला नसतं. बांबूचा स्टॉल पुन्हा उभा करायचा तर प्रत्येक नळीवर खूण हवी, भोक पेराच्या जवळ हवं, नाहीतर तिसऱ्या प्रदर्शनाला तो शेकोटीच्या लायकीचा होतो. दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियम. १९६९ साली जर्मनीत हान्स ब्रूडर यांनी अष्टकोनी खांबाची ऑक्टानॉर्म पद्धत आणली. खांबाला आठ बाजूंनी खाचा, आडव्या पट्ट्या एका किल्लीने आवळायच्या, मधे फळ्या सरकवायच्या. आज आपल्याकडच्या कुठल्याही प्रदर्शनात नऊ चौरस मीटरचा पांढरा डबा मिळतो तो हाच. दिसायला रुक्ष, पण शेकडो वेळा उभा राहिलेला. ॲल्युमिनियमची खोड अशी की ते नव्याने करायला एका टनामागे सुमारे १४ हजार युनिट वीज लागते. भंगारातून करायला एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोनदा वापरून फेकायचं ॲल्युमिनियम हा गुन्हा आहे आणि पन्नासदा वापरलेलं ॲल्युमिनियम ही शहाणीव. त्याच्या शेजारी चार दिवसांपुरत्या तोडलेल्या बांबूने फार ऐट करू नये.

सगळ्यात जास्त फसगत मापात होते. आपल्याकडे हॉल मीटरमध्ये विकला जातो आणि प्लाय फुटांत. स्टॉल तीन मीटर बाय तीन मीटर. प्लाय आठ फूट बाय चार फूट. तीन मीटर म्हणजे नऊ फूट दहा इंच. पाठीमागची भिंत प्लायने भरायची तर दोन पत्रे पूर्ण लागतात आणि तिसऱ्याचा २२ इंचांचा पट्टा. उरलेले २६ इंच बाजूला. अर्ध्याहून जास्त पत्रा पहिल्याच दिवशी वाया, स्टॉल उभा राहण्याआधीच. उंचीचंही तसंच. भिंत अडीच मीटरची धरली तर आठ फुटांचा प्लाय दोन-अडीच इंच कमी पडतो, मग वर पट्टी ठोका, पट्टीचा जोड झाकायला लॅमिनेट लावा, लॅमिनेटला फेव्हिकॉल. एका चुकीच्या मापातून पुढचा सगळा कचरा जन्माला येतो. तीन मीटरची भिंत भरायचीच कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दोन पत्रे मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना अकरा-अकरा इंच मोकळं सोडलं, तर काहीही बिघडत नाही.

दुसरं माप टेम्पोचं. लहान ब्रँडचं सामान शेवटी छोट्या हत्तीतूनच जाणार, आणि त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास. म्हणजे साडेसहा फुटांहून लांब तुकडा नको. उंच खांब आणि आठ फुटांची फळी दोन भागांतच हवी. तिसरं माप माणसाचं. दोघांना चढवता-उतरवता आलं नाही तर तो तुकडा कुठेतरी आपटणार, आणि आपटला की कोपराच जाणार. प्रवासात फळीचा मधला भाग कधी खराब होत नाही, कोपरे होतात. म्हणून कडेची पट्टी वेगळी, स्क्रूने बसवलेली, बदलता येणारी असावी. कोपरा गेला तर पट्टी बदला, फळी वाचते. खिळा आणि गोंद वर्ज्य. नट-बोल्ट, खुंटी, बिजागरी, नाडी चालेल. सगळे बोल्ट एकाच मापाचे, म्हणजे एकच पाना लागेल आणि तो हरवला तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आत काय आहे त्याची चित्रं. अक्षरं नकोत, कारण पुण्यात उभारणारा आणि दिल्लीत उभारणारा यांची भाषा एक नसते.

हे काम दिसत नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत मिळत नाही. स्टॉलची निवड होते ती थ्रीडी व्ह्यूवर. संगणकावर काढलेलं ते चित्र: चकचकीत जमीन, वरून पडणारा सोनेरी उजेड, कोपऱ्यात उभी दोन परदेशी दिसणारी माणसं. तीन फॅब्रिकेटर तीन चित्रं पाठवतात, त्यातलं देखणं निवडलं जातं. माझ्या हातात असतं तर चित्रांसोबत आणखी एक कागद मागितला असता: स्टॉल उकलल्यावर किती पेट्या होतात, प्रत्येकीचं वजन किती, आणि किती माणसं किती वेळात ते उकलतात. ज्याला हा कागद देता येत नाही त्याने स्टॉल रेखाटलेला नसतो, त्याचं चित्र काढलेलं असतं.

सेंद्रिय मालाच्या बाबतीत एक खास अडचण आहे जी कपड्यांच्या किंवा यंत्रांच्या स्टॉलला नाही. इथे माणूस वास घेतो आणि चव घेतो. आंबेमोहोराचा भात, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, कोकमाचं आगळ, वायगावची हळद यांची सगळी मिरास नाकात. आणि नव्या स्टॉलला पहिले दोन दिवस लॅकर, गोंद आणि विनाइलचा दर्प असतो. स्टॉलमधली एमडीएफची फळी बांधलेली असते युरिया फॉर्माल्डिहाइडच्या राळेने. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं. चार दिवसांच्या स्टॉलमधून कुणाला कर्करोग होईल असं मी म्हणत नाही, उगाच बागुलबुवा नको. पण तुपाचा वास घ्यायला वाकलेल्या खरेदीदाराच्या नाकात आधी लॅकर जात असेल तर तो तोट्याचा धंदा आहे. चौथ्या-पाचव्यांदा उभ्या राहिलेल्या स्टॉलचा वास कधीच उडून गेलेला असतो. पुनर्वापराचा हा फायदा हिशेबाच्या वहीत कुठे लिहिला जात नाही.

चव देण्याच्या सामानाचं थोडक्यात. प्लास्टिकचे चमचे आणि पेले २०२२ च्या बंदीच्या यादीत गेले, त्यांच्या जागी उसाच्या चिपाडाचे आले. ते कुजतात, पण कुजवायला कुणी नेलं तर. हॉलमधल्या एकाच पिंपात ते फ्लेक्सच्या तुकड्यांसोबत पडतात. स्टीलचे शंभर चमचे, दोन डबे आणि संध्याकाळी धुणारं एक माणूस हा उपाय इतका साधा आहे की त्याचं सादरीकरण करता येत नाही, म्हणून बहुधा तो सुचतही नाही.

आता खरा आक्षेप. मार्केटिंगची माणसं म्हणतात, तोच स्टॉल दरवर्षी दिसला तर लोक म्हणतील कंपनी थकली. याला मी निव्वळ भ्रम म्हणणार नाही, ग्राहकप्रदर्शनात नवेपणाला गिऱ्हाईक थांबतं हे खरं आहे. पण व्यापारी प्रदर्शनातला खरेदीदार भिंत पाहायला आलेला नसतो. त्याला हवा असतो प्रमाणपत्राचा आवाका, कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल, ओलावा किती, कमीत कमी किती माल द्याल आणि कधी द्याल. त्यासाठी बसायला दोन धड खुर्च्या आणि आवाज न घुमणारा कोपरा लागतो. नेमक्या याच दोन गोष्टी सजावटीच्या हव्यासात आधी कापल्या जातात. आणि नवेपणा हवाच असेल तर तो पाटीचा असू द्या. तीन मीटरचा सुती पडदा नवा छापा, त्यावर साल आणि प्रदर्शनाचं नाव टाकू नका म्हणजे तोही दोन वर्षं चालेल. यंदा तांदूळ पुढे, पुढल्या वर्षी मसाले पुढे. आठवडी बाजारात वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पालाखाली बसणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक डोळे मिटून जातं, ते पाल बदललं नाही म्हणूनच.

पैशांचं बोलू. समजा, एकदाचा स्टॉल एक लाखात होतो. उकलता येईल असा नीट केलेला अडीच लाखात, आणि मग दर वेळी गोदाम, वाहतूक, डागडुजी मिळून तीस हजार. तीन प्रदर्शनांपर्यंत पहिला स्वस्त: तीन लाख विरुद्ध तीन लाख चाळीस हजार. चौथ्याला पारडं फिरतं. आठव्या प्रदर्शनाला आठ लाखांच्या समोर चार लाख नव्वद हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, पण गणिताची चाल खरी आहे: जो वर्षातून एकदाच प्रदर्शनात उतरतो त्याला चौथ्या वर्षाची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत पडदे उंदरांनी खाल्लेले असतात. एकट्या छोट्या ब्रँडला हे परवडत नाही. ‘टिकाऊ स्टॉल करा’ असा उपदेश एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला करणं म्हणजे तिच्या गळ्यात गोदामाचं भाडं बांधणं.

पण हाच पेच सेंद्रिय क्षेत्राने एकदा सोडवलेला आहे. २००१ साली केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासूनचा अनुभव असा की दोन एकरांच्या शेतकऱ्याला स्वतंत्र प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. म्हणून गटप्रमाणीकरण आलं. कमीत कमी २५, जास्तीत जास्त ५०० शेतकऱ्यांचा गट, एक सामाईक नियंत्रण व्यवस्था, प्रत्येकाच्या शेताची नोंद गटाकडे, आणि बाहेरचा तपासनीस त्यातल्या काहींची पडताळणी करणार. प्रमाणपत्र एकाचं नाही, गटाचं. मग स्टॉल गटाचा का असू नये? दहा-बारा ब्रँड मिळून एक बिननावाचा संच करतील, त्याला एक सांभाळणारा नेमतील, आणि प्रत्येकाची फक्त पाटी आणि पडदा वेगळा. वर्षाला एकटा ब्रँड एकदा उतरत असेल, गट मिळून दहादा उतरेल. वरचं गणित पहिल्याच वर्षी जमतं. सांभाळायचं काम कुणा नव्या स्टार्टअपला द्यायची गरज नाही. तालुक्याच्या मांडववाल्याकडे गोदाम आहे, टेम्पो आहे, मोजून परत आणणारी माणसं आहेत, आणि उन्हाळ्यातलं लग्न व हिवाळ्यातलं प्रदर्शन यांची तारीख फारशी आपटत नाही.

तारखा आपटतील त्या ब्रँडच्या आपापसात. मोशीतलं ‘किसान’ प्रदर्शन डिसेंबरात, पुण्यातली भीमथडी जत्राही डिसेंबरातच, आणि फेब्रुवारीपर्यंत सगळ्या राज्यभर हाच हंगाम. दहा जणांना एकाच आठवड्यात तोच संच हवा असेल तर भांडण ठरलेलं. म्हणून संच एकसंध स्टॉल म्हणून करू नये. चाळीस फळ्या, वीस खांब, दहा टेबलं, पंधरा दिवे असा करावा, ज्यातून एक मोठा किंवा तीन लहान स्टॉल निघतील. तरीही कुणाला तरी एखाद्या डिसेंबरात आयोजकाच्या पांढऱ्या डब्यावर भागवावं लागेल. भागवावं.

परदेशी जायचं झालं तर हिशेब बदलतो. प्रदर्शनाचं सामान तात्पुरतं नेऊन परत आणायला एटीए कार्नेट नावाची सोय आहे, आपल्याकडे ती फिक्की देते. जकात न भरता वर्षभरात सामान परत आणता येतं. मात्र चाखायला वाटलेला माल परत येत नाही, तो त्यात बसत नाही. लाकडी पेट्यांना आंतरराष्ट्रीय नियमाने प्रक्रियेचा शिक्का लागतो: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी. हा वायू ओझोनचा थर खातो आणि सेंद्रिय मालाच्या आसपास त्याला मज्जाव आहे. तेव्हा सेंद्रिय हळदीच्या शेजारी जाणाऱ्या पेटीवर ‘एचटी’ हा तापवल्याचा शिक्का आहे की ‘एमबी’ हा धुरीचा, एवढं तरी पाहून घ्यावं. पण माझं मत विचाराल तर अंग विमानाने न्यूरेंबर्गला नेऊच नये. ते तिथेच भाड्याने घ्यावं, सोबत फक्त पडदा, पाटी आणि चमचे न्यावेत. नाव एका बॅगेत मावतं, आणि ते वेगळं काढून ठेवलेलं असलं की हे शक्य होतं.

उरले आयोजक. इन्फॉर्मा या जगभर प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीने एकदाच वापरायचे स्टँड बंद व्हावेत म्हणून ‘बेटर स्टँड्स’ नावाचा कार्यक्रम चालवला आहे, स्टॉलच्या कोणत्या भागांचा पुन्हा वापर होतो त्यावरून प्रतवारी लावणारा. आपल्या सरकारी आणि सहकारी प्रदर्शनांना एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. अर्जात दोन रकाने पुरेत: हा स्टॉल याआधी कुठे उभा होता, आणि यानंतर कुठे जाणार. सोबत अनामत रक्कम, जी स्टॉल उभा केल्यावर परत मिळणार नाही. शेवटच्या रात्री पेट्या मोजून गाडीत चढल्या आणि जागा झाडलेली दिसली की परत मिळेल. फॅब्रिकेटरच्या करारातही शेवटचा हप्ता उद्घाटनाच्या दिवशी न देता गोदामात मोजणी झाल्यावर द्यावा. तेवढी एक अट बदलली, तर सहाच्या भोंग्यानंतर पोरांच्या हातात पहारीऐवजी पाना दिसू लागेल.